एक डॉक्टर, बारा दमेकरी

डॉक्टरांशी खोटं बोलणं हा आपल्याकडे शिष्टाचाराचा भाग आहे. "औषधं वेळेवर घेता ना?" असं त्यांनी विचारलं की "हो" म्हणायचं, जसं कुणाकडे गेल्यावर "चहा टाकू?" म्हटलं की "आत्ताच झाला" म्हणायचं. डॉक्टरही खोलात शिरत नाहीत. बाहेर पंधरा माणसं खोळंबलेली असतात आणि खऱ्या उत्तराला वेळ लागतो. सर्दी-पडशाच्या पेशंटला हे खोटं एकदाच बोलावं लागतं. दमेकऱ्याचं तसं नाही. त्याचा आजार कायमचा, डॉक्टर ठरलेले, त्यामुळे खोटंही मुरत जातं आणि काही वर्षांनी ते आपल्याच फायलीत रीतसर टाइप केलेलं सापडतं.

आमच्या पुण्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी यावर तोड काढली आहे. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी दहा-बारा दमेकऱ्यांना एकदमच बोलवायचं. दीड तास सगळे एका खोलीत. तपासणी, प्रश्न, औषधांतले फेरफार, सगळं सगळ्यांसमोर. हे व्याख्यान नव्हे आणि शिबिरही नव्हे. ज्याची त्याची ही नेहमीचीच अपॉइंटमेंट असते, फक्त बाकीचे अकरा जण ती बघत असतात. छातीला स्टेथोस्कोप लावायचा असेल तर पडद्यामागे नेतात. पण पडद्याच्या अलीकडे बसलेल्यांचे कान शाबूत असतात.

रिसेप्शनवरच्या मुलीने ही योजना फोनवर समजावून सांगितली तेव्हा बहुतेकांची पहिली शंका वैद्यकीय नव्हती. "बारा जणांत एक डॉक्टर, मग फी बाराव्या हिश्शाने का?" अशी होती. फी तीच, पण दहा मिनिटांऐवजी नव्वद मिनिटं मिळतील, असं उत्तर तिला पढवून ठेवलेलं होतं. फीला नव्वदने भागल्यावर जो आकडा आला, तो बघून पुणेकर आला नाही असं होणंच शक्य नव्हतं.

कल्पना आपली नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा असा वर्ग सुरू केला. सॅनेटोरियमचा खर्च त्या लोकांना झेपत नव्हता, आणि क्षयावर तेव्हा औषध असं नव्हतंच. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस खाणं, एवढ्यावर सगळी भिस्त. प्रत्येकाने घरी रोजची वही लिहायची आणि वर्गात येऊन दाखवायची. माणसं डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा शेजारच्याकडे बघून जास्त सुधारतात, असं प्रॅट यांच्या ध्यानात आलं. सामूहिक मानसोपचाराचा इतिहास लिहिणारे आजही सुरुवात त्यांच्यापासून करतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या कैसर पर्मनंटे या संस्थेने ही रीत पुन्हा वापरात आणली, आणि भारतात पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या रुग्णांवर तिचा शास्त्रशुद्ध प्रयोग झाला. काचबिंदूवाले निदान निमूट बसत असतील. बारा दमेकरी एका खोलीत आले की कुणी ना कुणी खोकत असतोच, आणि एकाने सुरुवात केली की दुसऱ्यालाही आपला घसा खवखवतोय असं वाटू लागतं.

पहिल्याच सभेची पहिली पंधरा मिनिटं पंख्यात गेली. पंखा नको, पात्यांवरची धूळ अंगावर येते, असा एक पक्ष. पंखा हवाच, नाहीतर कोंडल्यासारखं होतं, असा दुसरा. एसी लावा म्हणणाराही एक निघाला, पण गार हवेने छाती भरते म्हणून त्याला दोन्ही पक्षांनी मिळून गप्प केलं. शेवटी बँकेतून निवृत्त झालेले एक काका खुर्चीवर चढले, पात्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं. पंखा बंद राहिला. डॉक्टर मधे पडले नाहीत. ही सगळी मंडळी धुळीची कारणमीमांसा किती बारकाईने करतात, हे त्यांना आयतंच बघायला मिळत होतं.

मग एका कागदावर सह्या. 'इथे ऐकलेलं बाहेर बोलणार नाही.' पुण्यात एखाद्या गोष्टीच्या गुप्ततेसाठी सही घेतली की ती बोलण्यासारखी आहे याची खात्रीच पटते. तरी सह्या झाल्या, म्हणून मीही इथे कुणाचं नाव घेत नाही.

खोलीत शिरण्याआधी सिस्टर वजन, रक्तदाब आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन असं उरकून घेतात, आणि मग हातात पीक फ्लो मीटर देतात. वीतभर प्लास्टिकची नळी, तिच्यावर आकडे आणि सरकणारा काटा. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा धरायचा. तो वय, उंची आणि बाई-पुरुष यांवर अवलंबून असतो. तुमचा आजचा आकडा तुमच्याच सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असला तर हिरवा पट्टा, ५० टक्क्यांखाली गेला तर लाल आणि मधे पिवळा. म्हणजे स्पर्धा स्वतःशी. हे सिस्टर प्रत्येकाला सांगतात आणि प्रत्येक जण मान डोलावून शेजारच्याचा आकडा विचारतो. ढोलपथकातला सहा फुटी मुलगा काकांच्या दीडपट फुंकून गेला, तेव्हा काकांनी नळी उलटसुलट करून पाहिली आणि दुसरी मागितली. दुसऱ्या नळीतही तोच आकडा आला. "कॅलिब्रेशन बघून घ्या," असं सांगून ते आत गेले.

डॉक्टरांचे प्रश्न ठरलेले. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? रात्री दम्याने जाग आली का? निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त मारावा लागला का? दम्यामुळे कुठलं काम अडलं का? जगभर हेच चार प्रश्न विचारतात. उत्तरं मात्र स्थानिक. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "रात्री जाग येते, पण ती आमच्या ह्यांच्या घोरण्याने." त्यावर पलीकडच्या बाईंनी विचारलं, "जाग आल्यावर उठून बसता की कुशीवर वळता?" ताई म्हणाल्या, "बसते." "मग तो दमा. घोरण्याला कुशीवर वळतात." डॉक्टरांनी हे ऐकून फायलीत काहीतरी लिहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी असा विचारलेला नव्हता.

या बैठकीची सगळी मेख मला इथे दिसते. डॉक्टरांना फसवणं सोपं आहे, कारण त्यांना दमा नाही. ज्याने स्वतः रात्री दोन वाजता खिडकीच्या गजांना धरून श्वास ओढलाय, त्याला कसं फसवणार? त्याने तीच थाप आधी मारलेली असते.

बँकवाल्या काकांचं प्रकरण असंच उघडकीला आलं. निळा पंप किती वेळा लागतो, याला त्यांचं कायमचं उत्तर "लागला तर." फायलीतही तेच. डॉक्टर पुढे सरकणार, एवढ्यात कोपऱ्यातून रिक्षावाले मामा म्हणाले, "काका, आत्ताचा पंप कधी घेतला?"

"गेल्या महिन्यात."

"आणि आता?"

"आता... आणायलाच झालाय."

"किती असतात त्यात?"

"दोनशे," काका म्हणाले, आणि पस्तीस वर्षांची नोकरी आड आली. समोर दोन आकडे दिसले की भागाकार करणं हे त्यांच्या हातात राहिलेलं नव्हतं. "दोनशे भागिले तीस... सहा पूर्णांक सहासष्ट..." आणि ते थांबले. खोलीत कुणी काही बोललं नाही. रोज सहा-सात वेळा हे उत्तर कुणी कबूल करून घेतलेलं नव्हतं; काकांनी ते स्वतःच, दोन दशांशांपर्यंत, दिलेलं होतं.

निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, आवळलेली श्वासनलिका काही मिनिटांत मोकळी करतो. आतली सूज मात्र तशीच राहते. ती उतरवायचं काम रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाचं, आणि त्याने लगेच काही वाटत नाही म्हणून लोक नेमका तोच सोडतात. म्हणूनच २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितलंय की मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. वर्षाला असे तीन पंप संपले तरी धोक्याची घंटा समजतात. बारा संपले तर गाठ जिवाशी. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मामांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि हात मांडीखाली घातला.

स्टेरॉइड हा शब्द निघाला आणि खोली पुन्हा जिवंत झाली. हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं, सवय लागते. एकाच्या मेव्हण्याला तर "लागलीच." दम्याने आलेली धाप लोकांना परवडते, पण पंपाची सवय नको असते, सवय चहाची, तंबाखूची आणि रात्री अकराच्या बातम्यांची चालते. डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलं: पंपाचा एक झोत २०० मायक्रोग्रॅम, आणि दमा उसळल्यावर देतात ती प्रेडनिसोलोनची गोळी ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. काका बोलते झाले. "पंचवीस पट!" औषधं निराळी आहेत, ताकद निराळी आहे, असा सरळ भागाकार चालत नाही, असं डॉक्टर सांगत राहिले. पण तोवर 'पंचवीस पट' सर्वांच्या वहीत उतरलं होतं, आणि आपल्या शास्त्रीय अचूकतेपेक्षा काकांचा ढोबळ हिशेब पंप जास्त विकतोय हे पाहून डॉक्टरांनीही फळा पुसला नाही.

पंप आणलेत ना, म्हणून विचारलं, तर पिशव्यांतून, पर्समधून, एक तर चष्म्याच्या घरातून निघाला. दम्याचा पंप जगापासून लपवायचा असतो. चारचौघांत काढावा लागला तर माणूस खांबाआड जातो, इतका, की बघणाऱ्याला काही भलताच संशय यावा. ढोलपथकातला मुलगा तो कुर्त्याच्या आत, ढोल बांधायच्या पट्ट्याखाली ठेवतो. नदीकाठच्या सरावाआधी दोन झोत मारायचे, तेही पाठ फिरवून. कारण पथकात कळलं तर ढोल काढून हातात झांज देतील. "आणि गुलाल?" कुणीतरी विचारलं. "गुलाल नाही हो, भंडारा असतो," तो म्हणाला, जणू भंडारा फुप्फुसांना ओळखीचा आहे.

ज्याला आपण इतकं लपवतो, ती वस्तू एका शाळकरी मुलीच्या तक्रारीतून निघाली आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत दम्याचं औषध काचेच्या नाजूक उपकरणात रबरी फुगा दाबून घ्यावं लागे. रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने बापाला विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं का नाही करत हे? १९५६ साली पंप बाजारात आला. आपल्याकडे अशा मुलीला "मोठ्यांच्या मधे बोलू नये" असं ऐकावं लागलं असतं आणि आपण आजही फुगा दाबत बसलो असतो.

पण खरा कस पंप ओढण्यात. हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, तोंडात धरून ओठ मिटायचे, दाबतानाच सावकाश आत ओढायचं, दहा सेकंद श्वास रोखायचा, आणि स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. हे सगळ्यांना येतं. म्हणजे सांगता येतं. करून दाखवा म्हटल्यावर ताईंनी आधी दाबला, मग तोंड उघडलं. औषध चष्म्यावर बसलं. एकाने फुंकर मारावी तसं पंपातच फुंकलं. पावडरच्या यंत्राची तऱ्हा उलटी. रोटाहेलरमध्ये कॅप्सूल घालून तो पिळायचा आणि जोरात श्वास ओढायचा, सावकाश नव्हे. त्यातही कडी केली ती एका आजोबांनी. ते म्हणाले, माझं सोपं आहे, मी दोन्ही वेळा जेवणानंतर घेतो.

"जेवणानंतर कशी?"

"पाण्याबरोबर."

कॅप्सूल आजोबा गिळत होते. घरी दिलेलं प्लास्टिकचं ते यंत्र नातवाच्या खेळण्यांत आहे, असं पुढच्या चौकशीत निघालं. हा प्रकार छातीच्या डॉक्टरांना नवा नसतो. चिठ्ठीवर 'कॅप्सूल' लिहिलंय म्हटल्यावर म्हातारं माणूस आणखी काय करणार? पण गंमत पुढेच होती. आजोबांना हसणाऱ्यांपैकी एक गृहस्थ सभा संपल्यावर सिस्टरना हळूच विचारत होते, "गिळल्याने काही अपाय नाही ना?"

रिक्षावाल्या मामांनी मात्र सगळ्यांना गार केलं. पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचा स्पेसर महाग पडला म्हणून त्यांनी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून त्यात पंप बसवला होता. गॅसवर तार तापवून भोक पाडलेलं, कडा चिकटपट्टीने बंद केलेल्या. लोक आता हसणार, एवढ्यात डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि सांगितलं, दक्षिण आफ्रिकेत अशाच बाटल्या दमेकरी मुलांवर वापरून पाहिल्यात आणि त्या विकतच्या स्पेसरच्या तोडीस उतरल्यात. मामांनी बाटली परत घेतली ती दोन्ही हातांनी. पुढच्या वेळी तीन जणांकडे बाटल्या होत्या, आणि काकांनी भोकाचा व्यास विचारून घेतला होता.

याच मामांनी सिगारेट केव्हाच सोडलीय, पण रात्री खोलीची दारं-खिडक्या लावून डासांची कॉइल लावतात. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं मोजलेलं आहे. हे ऐकून मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सोडली त्याचा काहीच उपयोग नाही झाला."

कशाने त्रास होतो या विषयावर सभा तीन तास चालली असती. पुणेकराला आपल्या शत्रूंची यादी पाठ असते. बांधकामाची धूळ, दिवाळीचे फटाके, शेजाऱ्याचा कुत्रा, सुनेचं अत्तर. गाजरगवताला तर इथे घरचंच म्हणायला हवं. ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात त्या तणाचा देशात पहिला बोभाटा झाला तो १९५० च्या दशकात, पुण्यातून. पुण्याच्या पहिलेपणांच्या यादीत तेवढं एक कुणी घेत नाही. ताईंचा शत्रू मिरचीची फोडणी, आणि तोच त्यांचा धंदा. एक्झॉस्ट फॅन लावा, असा सल्ला आला. लावलाय, पण तो शेजारच्या खिडकीसमोर आहे आणि शेजारीणही याच डॉक्टरांची पेशंट आहे. ती त्या दिवशी आलेली नव्हती, हे सगळ्यांचंच नशीब.

कॅप्सूलवाल्या आजोबांच्या गच्चीवर कबुतरं येतात. दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत २०२५ साली जो गदारोळ झाला, तो सगळ्यांच्या वाचनात होताच. कबुतरांच्या विष्ठेने नुसता दमा वाढतो असं नाही, काहींची फुप्फुसं निबर करणारा वेगळाच आजार होतो, असं डॉक्टर म्हणाले. आजोबा म्हणाले, "मी बोलवत नाही त्यांना." मग ज्वारी कोण टाकतं? "ज्वारी निवडताना खाली पडते." गच्चीवर निवडता? "ऊन असतं." किती पडते? इथे आजोबांनी डॉक्टरांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बंद खोलीतली जुनी अपॉइंटमेंट त्यांना परत हवी होती. तिथे एवढी उलटतपासणी नव्हती.

घरगुती उपायांचा तास आपोआप सुरू होतो, कुणाला पुकारावा लागत नाही. अडुळसा, ज्येष्ठमध, ओव्याची पुरचुंडी. कोजागिरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून औषध घ्यायचं आणि रात्रभर जागायचं. दमेकऱ्याला त्यातला जागण्याचा भाग सरावाचा असतो. दोघे जण हैदराबादलाही जाऊन आले होते. तिथे मृगाच्या तोंडावर बथिनी गौड कुटुंब मरळीच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात पिवळं औषध घालून ते गिळायला देतं, आणि शाकाहाऱ्याला तेच गुळातून. हजारो माणसं रांगेत असतात. तसं पाहिलं तर दम्याची जगातली सर्वांत मोठी सामूहिक तपासणी तीच, फक्त तपासणी तेवढी नसते. "गुण आला का?" डॉक्टरांनी विचारलं. "मासा पोटात वळवळतो तोवर दम्याकडे लक्षच जात नाही," पहिला म्हणाला. दुसरा गुळवाला होता. त्याचं म्हणणं, माशाने गुण येत असेल, गुळाने आला नाही.

सगळंच असं सभेत सुटत नाही, हेही खरं. लग्न ठरायचं असलेली एक मुलगी पहिल्या वेळी पूर्ण दीड तास एक अक्षर बोलली नाही. तिच्या घरी या आजाराला 'थोडी धुळीची ॲलर्जी' म्हणतात. तिचा प्रश्न सासरी पंप कुठे ठेवायचा हा होता, आणि तो बारा जणांत विचारण्यासारखा नव्हता. शेवटची वीस मिनिटं डॉक्टर ज्याला हवं त्याला एकट्याला भेटतात, तिथे तो विचारला गेला असावा. निदान ती बाहेर आली तेव्हा ताई तिच्यासाठी थांबल्या होत्या आणि दोघी जिन्यावर बराच वेळ बोलत होत्या. या भागाशिवाय बाकीचा सगळा खटाटोप फुकट आहे, असं माझं मत आहे, आणि नेमका हाच भाग घाईत कापला जाण्याची भीती असते. पंख्याला पंधरा मिनिटं गेली की ती इथूनच वजा होतात.

बँकवाले काका आता रोजचा पंप नेमाने घेतात. रात्री झोपताना, तारीख-वेळ टाकून, डबल एंट्रीच्या वहीत. गेल्या बैठकीला दोन नवे पेशंट आले होते, म्हणून डॉक्टरांनी रिकामा पंप घेऊन पुन्हा पहिल्यापासून प्रात्यक्षिक केलं. हलवला, श्वास सोडला, दाबत सावकाश ओढला, डोळे मिटून थांबले, सोडला आणि म्हणाले, "झाले दहा सेकंद."

"सात," काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, मी मनात मोजले. सगळ्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी खिडकीबाहेर पाहिलं. मामा म्हणाले, "मनात मोजलं की असंच होतं, डॉक्टर, लाजायचं काही नाही," आणि डॉक्टरांनी पंप पुन्हा हलवायला घेतला.